विहिरीवरची केबल बदलताना : साडेसात एचपीच्या मोटरसाठी ३९० मीटरच्या नोंदी

पलूस तालुक्यातलं (जि. सांगली) काळं रान, पीक ऊस. मीटरपेटी रस्त्याकडेला डीपीजवळ (ट्रान्सफॉर्मरजवळ) आणि विहीर खालच्या अंगाला ओढ्याकाठी. विहिरीत साडेसात एचपीची थ्री फेज सबमर्सिबल मोटर आहे. खोडवा मोडल्यावर रान मोकळं झालं, तेव्हा हे काम काढलं. ज्यांना असंच लांबवर केबल न्यायची आहे त्यांच्यासाठी या नोंदी ठेवल्या आहेत. लाइनला हात लावण्याचं सगळं काम परवाना असलेल्या वायरमन मामांनी केलं. मी मोजमाप, खरेदी आणि चर पाहिली.

६ मार्च २०२५ : आधी जुन्याची मोजणी

बाभळीच्या मेढींवरून ओढलेली जुनी ६ स्क्वेअरची (म्हणजे तारेचं छेदक्षेत्र ६ चौरस मिलिमीटर) अ‍ॅल्युमिनियम केबल होती. उन्हानं वरचं पीव्हीसी तडकलेलं, मधे जागोजागी पीळ मारून टेप गुंडाळलेले जोड. याच केबलवर चालून मोटर जळालेली आणि भरून (आतली तार नव्यानं गुंडाळून) आणलेली आहे. दर वेळी दोष मोटरीला दिला गेला, भरणाऱ्यालाही दिला गेला. केबलकडे कुणी पाहिलं नाही.

मोटर चालू ठेवून मामांनी दोन्ही टोकांचा दाब (व्होल्टेज) मोजला. मीटरपेटीत दोन फेजमध्ये ३८४ व्होल्ट, विहिरीवरच्या स्टार्टरला ३३८. टाँग टेस्टरवर (तारेभोवती धरून प्रवाह मोजायचं साधन) साडेपंधरा अँपिअर. मोटरीच्या पाटीवर १४ लिहिलेत. ४६ व्होल्ट वाटेतच गेले. दाब पडला की मोटर तेवढंच काम करायला जास्त अँपिअर ओढते, वाइंडिंग तापतं आणि एखाद्या उन्हाळ्यात जळतं.

केबलच्या रोधाचा हिशोब केला तर जुन्या लांबीवर ३६ व्होल्टच्या आसपास जायला हवे होते. वरचे दहा व्होल्ट जोडांनी खाल्ले. मेन स्विच पाडून जोड उघडले, तेव्हा एका जोडावरची टेप वितळून आत काळा कोळसा झाला होता आणि तारेचे दोन पदर तुटलेले होते.

९ मार्च : किती स्क्वेअर घ्यायची

ज्यांना घाई आहे त्यांनी निदान ही नोंद वाचावी.

दुकानात पहिला प्रश्न येतो, "मोटर किती एचपीची?" साडेसात म्हटलं की ६ स्क्वेअर काढून देतात. मामांना विचारलं, "दुकानदार म्हणतोय सहाची पुरते." ते म्हणाले, "पुरते की. जळायची नाही ती. पण टोकाला दाब किती उरतोय ते कोण बघणार?"

६ स्क्वेअर अ‍ॅल्युमिनियम तीसेक अँपिअर सहज झेलते, त्यामुळे १४ अँपिअरला ती तापत नाही, हे खरं. पण अँपिअरवरून केबल ठरवायची ती वीस-तीस मीटर अंतरासाठी. अंतर शेकड्यात गेलं की दाबाची घट बघून ठरवायची.

हिशोब वहीच्या अर्ध्या पानात मावतो. थ्री फेजसाठी १.७३२ गुणिले अँपिअर, गुणिले केबलचा रोध (ओहम दर किलोमीटरला), गुणिले अंतर किलोमीटरमध्ये. आलेल्या आकड्याला मोटरीच्या पॉवर फॅक्टरनं (एकूण प्रवाहातला खरं काम करणारा हिस्सा) गुणायचं, तो मी ०.८ धरला. अ‍ॅल्युमिनियमचे २० अंशावरचे रोध ठरलेले आहेत : ६ स्क्वेअरला ४.६१, १० ला ३.०८, १६ ला १.९१, २५ ला १.२०. बांधाच्या कडेनं टेप धरून अंतर ३७२ मीटर भरलं. दोन्ही टोकांना वर चढणारी लांबी, वळणं आणि सैल ठेवायची केबल मिळून ३९० मीटर धरले.

६ स्क्वेअरला घट आली ३५ व्होल्ट, १० ला २३, १६ ला साडेचौदा, २५ ला ९. मोटरीसाठी ५ टक्क्यांच्या आत राहावं म्हणतात. ४१५ व्होल्टवर ते २१ होतात. आमच्याकडे पेटीतच ३८५ मिळतात, म्हणून १० स्क्वेअरचा विचार सोडला. २५ घेतली तर आणखी साडेपाच व्होल्ट वाचतात, पण खर्च बराच वाढतो. १६ ठरली.

दादाचं म्हणणं होतं, साडेसात एचपीपर्यंत शेतीची वीज सरकारी योजनेत २०२४ पासून मोफत आहे, मग केबलमध्ये थोडी वीज वाया गेली तर आपलं काय जातं? बिलात काही जात नाही, ते खरं. पण दाब कुठल्या योजनेत मिळत नाही. मोटर भरायचा खर्च आपलाच आणि पाण्याच्या पाळीचे तास ठरलेले. त्या तासांत पाणी किती पडलं, यावर ऊस ठरतो.

तांब्याचा विचार केलाच नाही. १० स्क्वेअर तांब्याचा रोध १.८३, म्हणजे १६ अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास. किंमत कितीतरी जास्त. शिवाय तांब्याची केबल रानात चोरांना बोलावते. रातोरात कापून, जाळून तांबं विकतात, हे आमच्या शिवारात सगळ्यांना माहीत आहे.

कोअर (केबलमधल्या वेगवेगळ्या तारा) चार घेतले. मोटरीला न्यूट्रल लागत नाही, पण विहिरीवर दिवा हवा आणि पुढे ठिबकचा कंट्रोलर बसवायचा आहे. साडेतीन कोअर (चौथी तार बारीक असलेली) २५ स्क्वेअरपासून पुढे मिळते, १६ मध्ये चार कोअरच.

१५ मार्च : खरेदी आणि सोनाराचा काटा

मागायची ती केबल अशी : ४ कोअर १६ स्क्वेअर, अ‍ॅल्युमिनियम, एक्सएलपीई (तारेवरचं प्लॅस्टिकचं आवरण), आर्मर्ड, ११०० व्होल्ट, आयएस ७०९८ भाग १. अंगावर आयएसआय चिन्ह, वर्ष आणि दर मीटरला आकडा छापलेला असतो. दोन्ही टोकांचे आकडे वजा केले की लांबी कळते, टेप लावायची गरज नाही.

आर्मर म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पट्ट्यांचं कवच. काळ्या रानात घुशी फार. साधी केबल पुरली तर वर्षभरात कुरतडलेली सापडते.

पहिल्या दुकानातला भाव मनासारखा होता. नमुना म्हणून एक मीटर तुकडा विकत घेतला, एक कोअर सोलून नुसतं अ‍ॅल्युमिनियम काढलं आणि गावातल्या सोनाराकडे काट्यावर ठेवलं. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७ आहे, म्हणजे पुऱ्या १६ स्क्वेअरच्या मीटरभर तारेचं वजन ४३ ग्रॅम. रोध बरोबर राखून कंपन्या धातू थोडा कमी वापरतात, त्यामुळे ४० पर्यंत चालतं. काटा ३४ वर थांबला. म्हणजे छाप १६ चा आणि आत साडेबारा. त्या भावाचं कारण कळलं.

दुसरीकडचा तुकडा ४१ ग्रॅम भरला. भाव १४६ रुपये मीटर, वर १८ टक्के जीएसटी. ३९० मीटर अखंड, एकाच ड्रमवरून कापून घेतली. दोन तुकडे जोडून देतो, स्वस्तात देतो, असं कुणी म्हटलं तर घेऊ नये. जमिनीखालचा जोड हीच केबलची पहिली मरायची जागा, आणि तो बिघडला की शोधायला अख्खा बांध उकरावा लागतो.

२४ मार्च : चर

नियमानं या दाबाच्या केबलला पाऊण मीटर खोली पुरते. आम्ही ९० सेंटिमीटर धरली, कारण उसाच्या रानात सबसॉयलर (खोल जाणारा नांगर) दीड-दोन फूट खाली जातो आणि पुढच्या ट्रॅक्टरवाल्याला खाली काय आहे ते माहीत नसतं. केबल बांधाला धरून नेली, रान तिरकं कापलं नाही. थोडी लांबी वाढली तरी चालेल.

जेसीबीला एक फुटी बकेट लावून घ्यावं. मोठ्या बकेटनं चर रुंद होतो आणि माती परत बसायला दोन पावसाळे लागतात.

इथे वेळ गेला. ओढ्याकडच्या शेवटच्या पट्ट्यात दीड फुटावर कातळ लागला. ब्रेकर आणायला दुसऱ्या गावची मशीन बघावी लागली, ती मिळेपर्यंत उघडा चर तसाच पडून होता. ब्रेकरनंही पूर्ण खोली मिळेना. शेवटी त्या १८ मीटरमध्ये केबल जाड एचडीपीई पाइपातून घ्यायची आणि वरून काँक्रीट टाकायचं ठरवलं. गाडीवाटेखाली तर पाइप हवाच, तिथं खोली पूर्ण एक मीटर घेतली. उसानं भरलेली ट्रॉली याच वाटेनं जाते.

ठिबकची मेन लाइन जिथं होती असं सगळ्यांना वाटत होतं, त्याच्या चार फूट अलीकडे निघाली. जेसीबीनं ती फोडली. दुरुस्ती १,३५० रुपये. चर काढण्याआधी जुन्या पाइपलाइन हातानं खड्डे घेऊन शोधाव्यात.

२९ मार्च : केबल टाकली

ड्रम लोखंडी पाइपावर, दोन घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) आडवा चढवला आणि फिरवत केबल सोडली. ड्रम जमिनीवर पालथा ठेवून वेटोळी ओढली तर केबलला पीळ बसतो आणि आर्मरच्या पट्ट्या उघडतात. वजन तीनशे किलोच्या घरात, त्यामुळे माणसं अंतराअंतरावर उभी करून हातोहात नेली. ट्रॅक्टरला बांधून ओढायची सूचना आली होती, ती ऐकली नाही.

चरात खाली तीन इंच बारीक क्रश सँड, मग केबल, वर पुन्हा तेवढीच सँड, त्यावर आडव्या विटा आणि वर पिवळी इशारा पट्टी. वळणं मोठी ठेवली. केबलच्या जाडीच्या बारा पटीपेक्षा आत वळवायची नाही, आमच्या केबलला ती त्रिज्या २५ सेंटिमीटर येते.

काळ्या मातीत आणखी एक गोष्ट पाळावी लागते. उन्हाळ्यात हे रान हात जाईल एवढं फाटतं आणि पावसात फुगतं. केबल ताणून सरळ टाकली तर ती ओढली जाते, आणि ताण येतो तो दोन्ही टोकांच्या ग्लँडवर (केबल पेटीला पकडून धरणाऱ्या जोडणीवर). म्हणून केबल चरात नागमोडी टाकली आणि दोन्ही टोकांना तीन-तीन मीटरचा वेटोळा पुरून ठेवला.

३ एप्रिल : अवकाळी आणि मेगर

चर बुजवला आणि रात्री वळीव कोसळला. विहिरीकडच्या टोकाला नुसती प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली होती, ती वाऱ्यानं निघून गेली.

सकाळी मामांनी ५०० व्होल्टचा मेगर (आवरणातून वीज गळते का ते तपासायचं यंत्र; आकडा मोठा तेवढं चांगलं) लावला. दोन्ही टोकं मोकळी ठेवून प्रत्येक कोअर दुसऱ्या कोअरशी आणि आर्मरशी तपासला. लाल, निळा, काळा पाचशे मेगाओहमच्या वर. पिवळा ते आर्मर फक्त ३. चर उकरायचा काय, या विचारानं सगळे गप्प झाले.

मामा म्हणाले, "आधी टोक कापू, मग रडू." विहिरीकडचं ६० सेंटिमीटर कापलं. आतल्या आवरणावर आणि तारेच्या पदरांमध्ये पाणी दिसत होतं. टोक कोरड्या फडक्यानं पुसून हीट गननं हलकेच वाळवलं. पुन्हा मेगर : २०० च्या वर. दुपारच्या उन्हानंतर तोही बाकीच्यांच्या बरोबरीला आला.

केबल कापली की लगेच दोन्ही टोकांना रबरी टोपी किंवा हीट श्रिंक कॅप बसवावी. काही रुपयांची वस्तू आहे. आणि मेगर मारल्यावर कोअर आर्मरला टेकवून त्यातला चार्ज उतरवल्याशिवाय हात लावू नये, लांब केबल चार्ज धरून ठेवते.

६ एप्रिल : टोकं बांधली

मामांच्या गैरहजेरीत गावातला एक पोरगा लग (तारेच्या टोकावर दाबून बसवायची धातूची नळी) बसवून गेला होता, छिन्नी आणि हातोडीनं ठोकून. मामांनी एक लग हातानं ओढला, तो तारेसकट न येता एकटाच हातात आला. सगळे कापून टाकले.

नंतर जे केलं ते नीट लिहितो. वरचं आवरण सोलून आर्मरच्या पट्ट्या इंचभर ठेवून कापल्या, त्या ग्लँडच्या कोनावर फुलासारख्या पसरल्या आणि ग्लँड आवळला. आर्मर पेटीला पक्कं धरलं जातं ते इथं, आणि अर्थिंगची पट्टीही इथंच बसते. कोअरवरचं एक्सएलपीई सोलताना सुरी तारेला लागू द्यायची नाही. तारेवर खाच पडली की तिथूनच पुढे तुटते. लगच्या नळीएवढंच सोलायचं, जास्त नाही.

अ‍ॅल्युमिनियम उघडं पडलं की हवेनं त्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तो वीज नेत नाही. म्हणून तार ब्रशनं घासून लगेच जॉइंटिंग पेस्ट लावली, लग चढवला आणि भाड्यानं आणलेल्या हायड्रॉलिक क्रिम्परमध्ये १६ ची डाय टाकून प्रत्येक लग दोन जागी दाबला. दाबल्यावर ओढून बघायचा. हलला तर कापायचा, पुन्हा दाबून वाचवायचा नाही.

अडलं ते स्टार्टरवर. त्याच्या टर्मिनलमध्ये १६ चा लग मावत नाही, बहुतेक स्टार्टरमध्ये मावणार नाही. अशा वेळी तारेचे काही पदर कापून बारीक केलेलं टोक आत कोंबतात, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मग केबल १६ ची घेऊन उपयोग काय? आम्ही स्टार्टरच्या खाली वेगळी पेटी बसवली, तीत ६३ अँपिअरचा टर्मिनल ब्लॉक घातला. त्याचे स्टड पितळी, म्हणून केबलच्या बाजूला बायमेटल लग लावले, म्हणजे एका अंगाला अ‍ॅल्युमिनियम आणि दुसऱ्या अंगाला तांबं. साधा अ‍ॅल्युमिनियम लग पितळेवर आवळला तर ओलाव्यात दोन धातूंच्या मध्ये गंज धरतो आणि सांधा तापतो. ब्लॉकपासून स्टार्टरपर्यंत ६ स्क्वेअर तांब्याची लवचीक तार, टोकांना तांब्याचे पिन लग. मीटरपेटीकडे मेन स्विचवरही हाच प्रकार.

७ एप्रिल : विहिरीतला भाग आणि अर्थिंग

स्टार्टरपासून मोटरीपर्यंत ३ कोअर ४ स्क्वेअर तांब्याची चपटी केबल, ४० मीटर. पाण्याखालचा जोड एकच, मोटरीच्या वायरीशी. तिन्ही कोअरचे जोड एकाच रेषेत आणले नाहीत, पुढेमागे ठेवले, म्हणजे एकाचं आवरण फाटलं तरी दुसऱ्याला चिकटत नाही. तांब्याची फेरूल (जोडनळी) दाबून, वरून ताणून गुंडाळायची रबर टेप, तिच्यावर पीव्हीसी टेप. जोड रात्रभर बादलीत बुडवून ठेवला आणि सकाळी मेगर बघूनच मोटर सोडली. मोटर नायलॉनच्या दोरावर उतरवली. केबलला धरून मोटर उतरवणारे जोड स्वतःच्या हातानं उपटत असतात.

थ्री फेज मोटरीला दोन स्वतंत्र अर्थिंग हवेत. अडीच मीटरचे जीआय पाइप, कोळसा-मीठ, आणि तिथून ८ गेजची जीआय तार, एक स्टार्टरच्या पेटीला आणि एक मोटरीला. केबलच्या आर्मरवर एकट्यावर विसंबलो नाही.

८ एप्रिल : चालू

पहिल्यांदा मोटर उलटी फिरली. अँपिअर कमी, पाणी निम्मं. स्टार्टरच्या बाहेर जाणाऱ्या दोन तारा अदलाबदल केल्या. मुख्य केबलचा लाल-पिवळा-निळा क्रम तसाच ठेवला, म्हणजे पुढे कुणी उघडलं तर गोंधळ नको.

आकडे : मीटरपेटीत ३८६, स्टार्टरला ३७१, अँपिअर १४.२. घट १५ व्होल्ट, वहीतल्या हिशोबाच्या जवळ. जुन्या केबलवर मोटर सुरू होताना व्होल्टमीटरचा काटा २६०च्याही खाली जायचा आणि कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला चुंबकी स्विच) कडकडायचा. आता काटा ३२० पर्यंत उतरतो आणि लगेच वर येतो. पाइपाच्या तोंडाशी उभं राहिलं की फरक न मोजताही कळतो.

कपॅसिटरही (मोटरीला लागणारा चुंबकी प्रवाह जागेवरच पुरवणारं उपकरण) बसवला, साडेसात एचपीला ३ केव्हीएआरचा. तो विहिरीकडे, स्टार्टरनंतर लावला. मीटरपेटीत लावला असता तर आमच्या केबलमधला प्रवाह तेवढाच राहिला असता. केबलमधले अँपिअर १४.२ वरून १२.३ वर आले. स्टार्टरला दाब मात्र एखादाच व्होल्ट वाढला. एवढ्या जाडीच्या केबलमध्ये घट होते ती मुख्यतः रोधामुळे, आणि मोटरीचं खरं काम करणारा प्रवाह कपॅसिटरनं कमी होत नाही. त्यामुळे बारीक केबल टाकून कपॅसिटरनं दाब भरून काढू, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. केबल आणि डीपीवरचा भार हलका होतो, तेवढ्यासाठी तो जरूर लावावा. ओव्हरलोड रिलेच्या (जास्त प्रवाह गेला की मोटर बंद करणारा भाग) पुढे कपॅसिटर आला असेल तर रिलेचं सेटिंग नव्या अँपिअरप्रमाणे खाली आणायला विसरू नये, नाहीतर रिले मोटरीला वाचवणार नाही.

१० एप्रिल : खर्च

केबल जीएसटीसह ६७,१८९. जेसीबी ८,४०० आणि ब्रेकर ४,५००. क्रश सँड, विटा, काँक्रीट ७,८००. एचडीपीई पाइप २,६००. लग, ग्लँड, ब्लॉक, पेटी, कपॅसिटर ३,९००. चपटी केबल ५,२००. अर्थिंग ४,८००. मामांची मजुरी ९,०००. ठिबकची दुरुस्ती १,३५०. एकूण १,१४,७३९ रुपये. १० स्क्वेअर घेतली असती तर सतरा हजारांच्या आसपास वाचले असते. एकदा मोटर काढणं, भरणं, सोडणं आणि तोवर सुकलेला ऊस धरला तर ते वाचवण्यासारखे नव्हते.

३० मे : पुन्हा आवळणी

मेन स्विच पाडून, टेस्टरनं खात्री करून दोन्ही पेट्या उघडल्या. अ‍ॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू दबतं, म्हणून पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत सगळे नट पुन्हा तपासावेत. मीटरपेटीकडचा निळ्या फेजचा नट पाव फेरा फिरला, बाकीचे जागेवर होते. कुठल्याही लगचा रंग बदललेला नाही, टेप मऊ झालेली नाही. पेटीच्या खालच्या भोकांतून मुंग्या आत आल्या होत्या, ती भोकं रबरी ग्रोमेटनं बंद केली.

केबलचा नकाशा वहीत काढून ठेवला आहे : बांधापासून किती फूट, कुठं वळण, कुठं पाइप, कुठं कातळ. त्याचा फोटो दादाच्या आणि मामांच्या फोनमध्ये आहे. मार्गावर खुणेचे दगड बसवायचे राहिलेत. आडसाली लागणीची नांगरट सुरू व्हायच्या आत, म्हणजे जूनमध्ये, ते बसवायचे.